वादळानंतर छपराकडे आधी घरातून बघा

मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळी आडवी करणारं वारं घराच्या पत्र्यांनाही सोडत नाही. वारं थांबलं की लगेच शिडी लावू नका. आधी तुटलेली वायर पत्र्याला टेकलेली नाही ना, ते लांबूनच बघा. शंका असेल तर मेन स्विच बंद करा, पत्र्याला हात लावू नका आणि वायरमनला बोलवा.

मग भर दुपारी दारं-खिडक्या लावून घरात अंधार करा आणि वर बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा. बहुतेक ठिपके पत्रा खालच्या लोखंडी अँगलला धरून ठेवणाऱ्या हुकापाशीच सापडतात. वाऱ्याने पत्रा हलून हलून गोल भोक लांबट होतं, डांबरी वॉशर फाटतो. अशा जागी नुसतं एमसील थापून भागत नाही; हुक बदला, नवा मोठा वॉशर घाला. सिमेंटच्या पत्र्यावर तर पाय देऊच नका, तो न सांगता फुटतो.

पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडची सवय मला फार धोक्याची वाटते. पत्रा उचलला की तोच दगड खाली झोपलेल्याच्या अंगावर येतो. त्यापेक्षा ताडपत्री दोरीने खालच्या अँगलला बांधा.

धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरात माती भिजून जड होते. छपराची लाकडी कडी (आडवं लाकूड) वाकलेली दिसली किंवा माती गळू लागली, तर त्या खोलीत झोपू नका. छपरावरचं पाणी बाहेर सोडणारी पन्हाळ मोकळी करा.

दुरुस्तीआधी मोबाइलवर फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. मदतीसाठी पंचनामा लागतो.