एअर इंडियाची जुनी तिकिटं: जमवायच्या आधी वाचायला शिका

माझं पहिलं तिकीट आत्याच्या लोखंडी कपाटात, जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडलं. महाराजाचं चित्र असलेलं पाकीट आणि आत एकच पातळ कागद. बाकीची पानं हरवली असणार, असं मी धरून चालले. खरं तर काहीच हरवलं नव्हतं.

कागदी तिकीट म्हणजे छोटी पुस्तिका असायची. ऑडिट कुपन हिशेबाला जायचं, एजंट कुपन एजंटकडे राहायचं, प्रत्येक टप्प्याचं फ्लाइट कुपन चेक-इनला फाडून घ्यायचे. प्रवाशाच्या हाती उरायचं ते पॅसेंजर कुपन. त्यामुळे तेवढंच मिळालं तर हिरमुसू नका. उलट फ्लाइट कुपन जागेवर असेल, तर तो टप्पा त्या तिकिटावर कुणी उडालेलंच नाही. माझ्याकडे मुंबई-लंडन-मुंबई असं एक तिकीट आहे, त्यातलं परतीचं कुपन तसंच आहे. माझ्या संग्रहातलं मला सगळ्यांत जवळचं तेच. 'ओके' म्हणजे जागा पक्की, 'आरक्यू' म्हणजे नुसती मागणी केलेली; या रकान्याकडेही जरूर बघा.

काळ ठरवताना खरी कसोटी लागते. उड्डाणाच्या रकान्यात बहुधा दिवस आणि महिनाच असतो. वर्ष तिकीट दिल्याच्या शिक्क्यात, आणि तो पुसटलेला. मग नाव बघायचं. 8 जून 1948 ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं ते एअर इंडिया इंटरनॅशनलचं. 1962 मध्ये 'इंटरनॅशनल' गळलं. 1953 च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे गेली. तिचं तिकीट 'एअर इंडियाचं' म्हणून माझ्या गळ्यात मारलं गेलं होतं, तेव्हा नाव नीट वाचून घ्या. भाडं आण्यांत असेल तर 1 एप्रिल 1957 च्या आसपासचं किंवा त्याआधीचं. 'बीओएम' या मुंबई विमानतळाच्या खुणेच्या अक्षरांवरून मात्र काही ठरत नाही, ती आजही तीच आहेत. कागदी तिकिटांचा शेवट ठाऊक आहे: 1 जून 2008 पासून आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ती बंद केली.

शोध घरापासून सुरू करा. सत्तरच्या दशकात आखातात नोकरीला गेलेल्यांच्या ट्रंका उघडायला सांगा. चोरबाजार नंतर.

जपणुकीत मी एक मोठी चूक केली. घड्या मोडाव्यात म्हणून तिकिटं जाड पुस्तकांखाली दाबली. कुपनांच्या पाठीला लाल कार्बन असतो आणि तो दाबानेच उमटतो; खालच्या कुपनावर रेघा उमटल्या, त्या कायमच्या. लॅमिनेशन, सेलोटेप नको. गंजलेली पिन हळूच काढा. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात प्रत्येक तिकीट वेगळं, मूळ पाकिटासकट ठेवा. नोंदी पेन्सिलने, वेगळ्या चिठ्ठीवर.

आणि फोटो कुणाला पाठवताना प्रवाशाचं नाव झाका. ती व्यक्ती किंवा तिची मुलं आज हयात असू शकतात.