चोपण रान दुरुस्त करायचं तर आधी चर, मग जिप्सम

वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या भागात उसाला वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिलं गेलं. काळ्या भारी रानातून त्याचा निचरा झाला नाही, भूजल वर आलं आणि क्षारही वर आले. अशी क्षारयुक्त किंवा चोपण (सोडियमने बिघडलेली) रानं पुन्हा पिकाखाली येतात, पण कामाचा क्रम चुकला तर पैसा मातीत जातो. मी स्वतः तो घालवला आहे. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात निचऱ्याचा चर न काढताच जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) विस्कटलं. पावसाळाभर पाणी तिथंच साचून राहिलं आणि दिवाळीला नांगर घातला तर पूर्वीसारखीच दगडासारखी ढेकळं निघाली.

आधी रान ओळखा. उन्हाळ्यात वर पांढरी पापडी येत असेल आणि खालची माती भुसभुशीत असेल तर ते क्षारयुक्त रान. त्याला निचरा आणि गोडं पाणी पुरतं, जिप्सम लागत नाही. चोपण रान ओलं असताना साबणासारखं चिकट लागतं, वाळलं की टणक होऊन भेगाळतं, आणि त्यावर साचलेलं पाणी दिवसेंदिवस गढूळच राहतं. घरच्या घरी बघायचं तर काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या आणि बोराएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटून तळाशी बसतं, वरचं पाणी नितळ राहतं. चोपण मातीच्या ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरतो आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळत नाही. विहिरीचं पाणी यासाठी वापरू नका, त्यातल्या क्षारांनी ढग दबतो.

ही झाली प्राथमिक खूण. पक्कं निदान मृद चाचणी प्रयोगशाळेतच होतं. नमुने एक फुटापर्यंतचे आणि त्याखालच्या थराचे वेगळे घ्या. सामू (pH) ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, १५ टक्क्यांच्या वर असेल तर रान चोपण. अहवालात ‘जिप्समची गरज’ मागून घ्या. शेजाऱ्याने किती टाकलं यावर आपलं प्रमाण ठरवू नका. विहिरीचं पाणीही तपासा, कारण तेच सोडियमचं असेल तर दुखणं पाण्याच्या दर पाळीला परत येतं.

आता चर. रानाच्या उताराच्या बाजूला तीन-चार फूट खोल चर काढून तो ओढ्याला जोडा, किंवा तेवढ्याच खोलीवर सच्छिद्र पाईप पुरा. खरी अडचण खोदाईत नसते, ती खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर असते. त्याच्या रानातून वाट मिळाली नाही तर पाणी जाणार कुठं? म्हणून दोन-चार जणांनी मिळून एकच चर काढणं सोयीचं पडतं.

जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो. सुटलेला सोडियम रानाबाहेर नेतं ते पाणी. जिप्सम विरघळतंही सावकाश, लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम. एकरी १ टन विरघळायला ढोबळमानाने ४ लाख लिटर पाणी लागतं, म्हणजे सगळ्या रानात चार इंच.

म्हणून मे महिन्यात रान सपाट करा, बांध घाला, गरजेच्या निम्मं जिप्सम बारीक भुकटीच्या रूपात सारखं पसरा आणि वरच्या चार-पाच इंचांत कुळवाने मिसळा. खोल नांगरून गाडू नका. पाऊस किंवा गोडं पाणी साठवून वाफे दहा-पंधरा दिवस भरलेले ठेवा, पाणी चरातून वाहू द्या. दुसरा हप्ता पुढच्या वर्षी.

चुनखडीच्या रानात गंधकही चालतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते चुना विरघळवतं आणि कॅल्शियम मोकळा होतो. याला काही आठवडे ओल लागते. नुसता चुना मात्र टाकू नका, इतक्या सामूला तो विरघळतच नाही.

पाणी उतरून वाफसा आला की ढैंचा हे हिरवळीचं खत पेरा. साधारण दीड महिन्याने, फुलावर येताना गाडा. सोबत शेणखत द्या. त्यानंतरचं पहिलं पीक गव्हाचं घ्या, उसाची घाई नको. चोपण मातीत जस्त कमी पडतं, तेव्हा झिंक सल्फेटही द्या. नत्रासाठी युरियापेक्षा अमोनियम सल्फेट बरं.

गहू निघाला की त्याच जागेचं ढेकूळ पुन्हा पेल्यात सोडून बघा, आणि नवा नमुना प्रयोगशाळेला पाठवा. दुसरा हप्ता किती टाकायचा ते त्या अहवालावरून ठरवा.