वावरात वापरायला मल्टिटूल घेताना काय पाहावं

डब्यावर ‘२४ कामं’ असं छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक तिथंच फसतं. वावरात रोज लागतं ते मोजकंच: घट्ट पक्कड, धारदार पातं, पेचकस, आणि हे एका हातानं उघडता येणं. दुसऱ्या हातात बहुतेक वेळा ठिबकची नळी नाहीतर कुंपणाची तार धरलेली असते.

घडणी मुख्यतः दोन. पहिली चाकूच्या अंगाची, व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल चाकूसारखी. हलकी, खिशात मावणारी, पण पक्कड नसते किंवा नावापुरती असते. शिवाय ९१ मिमीच्या मॉडेलांत पात्याला लॉक नसतं, १११ मिमीच्यांत असतं. बिनलॉकच्या पात्यानं कधी टोचू नये. टोक जाड रबरात रुतलं की पातं उलटं मिटतं आणि थेट बोटांवर येतं.

दुसरी घडण पकडीच्या अंगाची. टिम लेदरमन या अमेरिकन माणसाच्या कंपनीचं पहिलं टूल १९८३ मध्ये बाजारात आलं, त्यात पाती मुठींच्या आतल्या बाजूला होती. चाकू हवा असला तरी आधी मुठी फिरवून अख्खी पक्कड उघडायची. त्याच कंपनीच्या १९९८ च्या वेव्ह मॉडेलनं पाती बाहेरच्या अंगाला आणली, अंगठ्यानं उघडणारी. रोजच्या वापरात याहून मोठा फरक दुसरा नाही. स्वस्तातलं टूल घेतानाही आधी हेच बघा.

वजनाचं म्हणाल तर वेव्ह प्लस २४१ ग्रॅमचं आहे, खिसा लोंबतो, ते पट्ट्यालाच लावावं लागतं. लेदरमनचंच स्केलटूल १४२ ग्रॅमचं. त्यात करवत नाही, कैची नाही, पण पक्कड, पातं आणि पेचकसाचे बिट आहेत. संत्र्याचा बगीचा नसेल तर तेवढ्यात भागतं. बगीचा असला तरी मल्टिटूलची करवत अंगठ्याएवढ्या वाळलेल्या काडीपुरतीच. ओल्या फांदीत तिचे दात भुशानं भरतात आणि ती अडकते. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायला, म्हणजे कलम करायला तर हे पातं चालतच नाही, ते जाड पडतं आणि साल फाटते. त्याला वेगळा चाकूच हवा.

दुकानात हातात घेतल्यावर पक्कड मिटून उजेडाकडे धरा. टोकं नीट जुळली पाहिजेत, एक वर एक खाली नको. दोन्ही जबडे बाजूला हलवून बघा, खुळखुळ असेल तर ठेवून द्या. मग मूठ जोरात आवळा. मुठीची कड तळहातात रुतत असेल तर तार पिळताना दहा मिनिटांत हात सोलेल. एक पेचकस नखानं उघडा. त्याच्यासोबत शेजारची दोन-तीन अवजारंही उठून येत असतील तर घाईत चुकीचंच हाती येणार. शेवटी सांधा बघा. स्क्रूचा असेल तर सैल झाल्यावर आवळता येतो, रिव्हेटचा असेल तर ढिला झाला की संपलं. तीनशे-चारशेच्या टुलांत बहुधा रिव्हेटच निघते.

तार तोडायची जागा ही पकडीची सगळ्यात नाजूक बाजू. १२ गेजची मऊ जीआय तार, म्हणजे सुमारे २.६ मिमी, चांगल्या पकडीनं तुटते, पण सांध्याजवळ धरून. टोकाशी धरली तर जबडे फाकतात. स्प्रिंगची तार, सायकलची आरी (स्पोक), हाय टेन्साइल म्हणजे कडक कुंपणतार या जागेत घालू नका, धारेला खाच पडते. तार तोडायचं काम रोजचं असेल तर धारेचे तुकडे बदलता येणारं टूल घ्या, वेव्ह प्लसमध्ये ती सोय आहे. नट खोलायला मात्र पाना वापरा. पकडीनं नटाचे कोपरे झिजतात, मग पानाही बसत नाही.

पातं साध्या धारेचं घ्यावं. दातेरी पातं नायलॉनचा दोर झपाट्यानं कापतं, पण १६ मिमीची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी कापली की कडेला कुसळं राहतात, जॉइनर नीट बसत नाही आणि पाणी गळतं. त्याच नळीला टोच्यानं भोकही पाडू नका. भोक गोल पडत नाही, ड्रिपरभोवती पाझरतं. त्यासाठी पंचच हवा. खताचा कट्टा फाडायचीही गरज नसते. शिवणीच्या एका टोकाची गाठ पात्याच्या टोकानं तोडा आणि दोरा ओढा. उसवला नाही तर दुसऱ्या टोकाकडून ओढा. कट्टा अख्खा राहतो. शिवायला मात्र दाभणच बरी.

मोटारीच्या स्टार्टरपाशी हे टूल खिशातच राहू द्या. मूठ उघड्या स्टीलची, आणि थ्री फेज म्हणजे ४१५ व्होल्ट. लाइन गेलेली आहे म्हणून हात घालू नका, ती केव्हा येईल याचा नेम नाही. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा, टेस्टरनं तिन्ही फेज तपासा, आणि तरीही इन्सुलेशनवालीच पक्कड वापरा. कुंपणात वीज सोडणाऱ्या झटका मशीनची तार जोडतानाही मशीन आधी बंद.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नाही. म्युरेट ऑफ पोटॅश या खतातलं क्लोराइड त्यालाही खड्डे पाडतं. खत किंवा फवारणीचं औषध लागलं तर त्याच दिवशी सगळी पाती उघडून साध्या पाण्यानं धुवा. काळी माती सांध्यात वाळली असेल तर कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं काढा. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, मग चार-पाच वेळा उघडझाप. खायचं तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. पावसाळ्यात चामड्याचं कव्हर ओलं राहतं, तेव्हा रात्री टूल त्यातून बाहेर काढून ठेवा.