अंगठा किंवा मनगट दुखत असेल तर सायकलचा गिअर शिफ्टर कसा निवडावा

चढ लागला की हलका गिअर हवा असतो, आणि नेमका तोच टाकताना शिफ्टरवर, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्यावर, सगळ्यांत जास्त जोर लागतो. मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग चेनला सतत लहान चकतीकडे, म्हणजे जड गिअरकडे, ओढत असते. जड गिअर टाकताना आपण केबल नुसती सैल सोडतो. हलका टाकताना मात्र त्या स्प्रिंगच्या विरुद्ध केबल खेचावी लागते. धडधाकट हाताला हा फरक कळतही नाही. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात सुरू झाला तेव्हा मला तो प्रत्येक चढावर कळू लागला. एका दुकानात मला सांगितलं गेलं, "वयानं होतंच, आता सायकल कमी करा." ते मला पटलं नाही. दुखणाऱ्या सांध्यावरचा जोर दुसरीकडे वळवता येतो, आणि तो कसा वळवायचा हे या लेखात सांगतो.

पहिली पायरी : दुखतं नेमकं कुठे?

दुकानात जाण्याआधी आठवडाभर लक्ष ठेवा. गिअर टाकताना कळ अंगठ्याच्या मुळाशी येते, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला येते, की बोटांची पेरं दुखतात? डावा हात दुखतो की उजवा? दाबताना दुखतं, ओढताना की पिळताना? उत्तरं कागदावर लिहून ठेवा, कारण पुढची निवड त्यांवरच अवलंबून आहे.

दुखण्याऐवजी मुंग्या येत असतील तर गोष्ट वेगळी. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल किंवा करंगळीकडची बाजू बधिर होत असेल, तर बहुतेक वेळा तळहातावर पडणारा भार आणि वाकलेलं मनगट ही कारणं असतात. तिथे हँडलची उंची, सीटचा कल आणि रुंद ग्रिप आधी पाहा. नवा शिफ्टर घेऊन ती बधिरता जाणार नाही. ती सायकलवरून उतरल्यावरही राहत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

दुसरी पायरी : नवीन शिफ्टर घेण्याआधी केबल बदला

हे काम स्वस्त आहे आणि फायदा मोठा आहे, म्हणून यावर जरा थांबतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात केबलच्या बाहेरच्या नळीत, म्हणजे आउटरमध्ये, पाणी आणि चिखल शिरतो, आतली तार गंजते, आणि मग बराचसा जोर गिअर बदलण्यात नाही तर घर्षणात जातो. नवी १.२ मिमीची स्टेनलेस तार आणि ४ मिमीचं गिअरचं आउटर घाला. ब्रेकचं आउटर चालणार नाही, त्याची बांधणी वेगळी असते. आउटरला तीक्ष्ण वळण नको आणि कापलेलं टोक चेपलेलं नको. डिरेलरच्या सांध्यांमध्ये तेलाचे दोन थेंब सोडा. काही जणांचं काम इथेच भागतं.

तिसरी पायरी : डावा शिफ्टर खरंच हवा आहे का?

पुढच्या बाजूला तीन चकत्या आणि मागे सात, म्हणजे २१ गिअरच्या सायकलीवर सगळ्यांत जड काम डाव्या हाताचं असतं. चेन पुढच्या लहान चकतीवरून मोठीवर चढवताना अंगठ्याला चांगलाच रेटा द्यावा लागतो. डावा हात दुखत असेल आणि रस्ता बहुतेक सपाट असेल, तर चेन मधल्या चकतीवर ठेवून द्या. कायमचा उपाय हवा असेल तर पुढे एकच चकती आणि मागे १४ ते ३४ दातांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवून घ्या. डावा शिफ्टरच निघून जातो. तुमचा डिरेलर ३४ दात पेलतो ना, एवढं मेकॅनिककडून आधी तपासून घ्या.

चौथी पायरी : हाताप्रमाणे प्रकार निवडा

ट्रिगर शिफ्टर सगळ्यांत जास्त दिसतो. मोठी लिव्हर अंगठ्याने दाबायची, छोटी लिव्हर शिमानो कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत तर्जनीने ओढता येते. स्रॅम कंपनीच्या ट्रिगरमध्ये दोन्ही लिव्हर अंगठ्यानेच चालतात. त्यामुळे अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर स्रॅमचा ट्रिगर मी सुचवणार नाही. शिमानोतही जड काम, म्हणजे हलका गिअर टाकणं, अंगठ्याकडेच राहतं हे विसरू नका.

ग्रिप शिफ्टर मुठीने पिळायचा असतो, शिमानोचा रेवोशिफ्ट हा त्यातलाच. अंगठा एकटा पडत नाही, म्हणून अंगठ्याच्या संधिवातात काहींना तो फार सोयीचा वाटतो. पण मनगट दुखत असेल किंवा बोटांची पेरं सुजलेली असतील तर घट्ट धरून पिळणं त्रासाचं ठरतं. घामेजलेल्या किंवा पावसात भिजलेल्या हाताने तर पकड आणखी आवळावी लागते.

माझी स्वतःची पसंती जुन्या पद्धतीच्या थंब शिफ्टरला आहे. नावात अंगठा असला तरी हँडलच्या वर बसणारी ती लांब दांडी तळहाताच्या कडेने, तर्जनीच्या बाजूने, अगदी बंद मुठीनेही ढकलता येते. शिमानोच्या टूर्नी मालिकेत, तसंच मायक्रोशिफ्ट आणि सनरेस यांच्याकडे असे शिफ्टर मिळतात. त्यातही फ्रिक्शन प्रकार, म्हणजे टकटक न करता सलग सरकणारा, दुखऱ्या हाताला मऊ वाटतो. गिअर कानाने जुळवायला आठवडाभर लागतो, तेवढी सवय करावी लागते.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर इलेक्ट्रॉनिक गिअर आहेत. शिमानोने २००९मध्ये ड्युरा-एस या रेसिंग मालिकेत डीआय-टू ही इलेक्ट्रॉनिक गिअरची पद्धत आणली, स्रॅमचं वायरलेस ई-टॅप २०१५मध्ये आलं. केबल ओढायचं काम मोटर करते, बोटाला फक्त बटण दाबायचं. पण ते बसवायचं म्हणजे शिफ्टरबरोबर डिरेलरही बदलावा लागतो. बोटांत बधिरपणा असेल तर बटण दाबलं गेलं की नाही हे नीट समजत नाही, म्हणून आधी चालवून बघा.

पाचवी पायरी : जुळणी तपासा

मागे सात चकत्या असतील तर क्लिक असणारा शिफ्टरही सातचाच हवा, आणि डिरेलर ज्या कंपनीच्या पद्धतीचा, शिफ्टरही त्याच पद्धतीचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पद्धतींत केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं असू शकतं. फ्रिक्शन शिफ्टरला ही अडचण सहसा येत नाही. सरळ हँडलची जाडी बहुतेक २२.२ मिमी असते आणि रेसिंग सायकलच्या वळलेल्या हँडलची २३.८ मिमी, म्हणून शिफ्टरचा क्लॅम्प, म्हणजे हँडलला आवळणारी कडी, कोणत्या मापाचा ते विचारूनच घ्या. ग्रिप शिफ्टर घेतलात तर त्याबरोबर आखूड ग्रिपही लागतील.

सहावी पायरी : बसवणं आणि पारख

दुकानात मागचं चाक उचलून धरायला सांगा, पेडल फिरवत सगळ्यांत जड गिअरपासून हलक्यापर्यंत वीस वेळा ये-जा करा. दोन वेळा सोपं वाटलेलं विसाव्या वेळी सोपं राहत नाही. बसवताना अॅलन चावीने क्लॅम्प सैल करून शिफ्टर थोडा फिरवा, आत-बाहेर सरकवा. मनगट न वाकवता हात लिव्हरपर्यंत पोचला पाहिजे. ब्रेक लिव्हरमध्येही अंतर कमी करायचा बारीक स्क्रू बहुधा असतो, तोही त्याच वेळी लावून घ्या. चालवताना चढाच्या आधीच गिअर हलका करा आणि त्या क्षणी पेडलवरचा जोर जरा कमी ठेवा.

शेवटचा निकाल त्याच दिवशी देऊ नका. संधिवाताचा सांधा पुष्कळदा दुसऱ्या दिवशी बोलतो. तासभर सायकल चालवून आलात की दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून बघा. आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर शिफ्टरची जागा पाच-दहा मिलिमीटर बदलून पुन्हा चालवा. तीन-चार वेळा जागा बदलूनही तसंच दुखत असेल तर दुसरा प्रकार वापरून बघा.