‘सिद्ध झालंय’ म्हणून जुनाच भाग वापरताना

नव्या उत्पादनावर काम सुरू झालं की कोणीतरी हमखास सांगतं, “जुन्या डिझाइनमधलंच उचल, सिद्ध झालेलं आहे.” उचला, जरूर उचला. सगळं पहिल्यापासून करायला वेळ कोणाकडे असतो? फक्त ते कुठल्या परिस्थितीत सिद्ध झालं, हे आधी विचारा.

माझी दमछाक केली ती एका साध्या रिलेने, म्हणजे कॉइलने चालणाऱ्या विजेच्या स्विचने. अंगावर छापलेलं असतं १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. आपला भार (रिलेने चालू-बंद करायचं उपकरण) ११० व्होल्ट डीसी, प्रवाह जेमतेम २ अँपिअर. वाटतं, भरपूर वाव आहे. अजिबात नाही. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कॉन्टॅक्ट (स्विचचे आतले धातूचे टोक) उघडताना पेटलेला आर्क, म्हणजे ठिणगीची ज्योत, तिथे विझतो. डीसीत तो शून्य येतच नाही. आर्क जळत राहतो, कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात आणि कॉइलचा पुरवठा काढला तरी भार चालूच. त्याच रिलेवर शेजारी ३० व्होल्ट डीसी असंही छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. डेटाशीटमधला (उत्पादकाच्या माहितीपत्रकातला) डीसीचा आलेख उघडा: १०० व्होल्टच्या पुढे असा रिले बहुतेकदा १ अँपिअरसुद्धा तोडू शकत नाही. भार सोलेनॉइडचा (दांडा ओढणाऱ्या कॉइलचा) असेल तर आणखी कमी. आणि घात असा की टेबलावरच्या चाचणीत सुरुवातीला सगळं व्यवस्थित चालतं.

घाबरू नका, डेटाशीटच्या तळटिपा पहिल्या वर्षी कोणालाच उमगत नाहीत. मुरलेल्या लोकांच्याही हातून हे सुटतं. ४ जून १९९६ला एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशादर्शनाचं सॉफ्टवेअर एरियान ४मधलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यावरून काढलेली संख्या सॉफ्टवेअरने तिच्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तीही बंद पडली. कोडचा तो भाग एरियान ५ला उड्डाणानंतर लागतही नव्हता.

माझं ठाम मत आहे: “इतकी वर्षं चालतंय” म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा दुरुस्ती विभागातला माणूस गाठा. कुठला भाग कशाने जातो, हे त्यालाच माहीत असतं. जुन्या इंडक्शन मोटरला ड्राइव्ह (वेग बदलणारं उपकरण) लावून ती कमी वेगाने चालवायची असेल, तरी त्यालाच विचारा. पंखा मोटरच्याच शाफ्टवर असेल तर वेगाबरोबर वाराही घटतो, आणि भार तोच राहिला की वाइंडिंग तापून जळतं.