कुपा घरी पोचेपर्यंत ताजा कसा ठेवाल

मालवणहून घरच्यांना, मित्रांना घेऊन खोल समुद्रात कुपा (ट्यूना मासा) गळाला लावायचा आनंद मोठा, पण किनाऱ्याला येईपर्यंत मांस काळपट आणि मऊ पडतं. नुसतं बर्फावर ठेवून भागत नाही, कारण कुप्याचं अंग पाण्यापेक्षा गरम असतं.

१. निघतानाच पेटीत लादी नाही, चुरा बर्फ भरा.

२. पहिला मासा लागला की पेटीतल्या बर्फात समुद्राचं पाणी ओता. दोन भाग बर्फ, एक भाग पाणी. हात बुडवून बघा, बोटं लगेच बधिर व्हायला हवीत. नळाचं गोडं पाणी नको, खाऱ्या पाण्यात गारवा जास्त उतरतो.

३. मासा वर येताच कल्ल्यांच्या आत सुरी फिरवा, डोकं खाली करून रक्त जाऊ द्या. मग अख्खा बुडवा, पाठ वर राहायला नको.

बर्फ विरघळला की पाणी काढून नवा चुरा घाला.

उन्हात तासन्‌तास पडलेला कुपा मुलांना तर मुळीच देऊ नका. त्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, ते कढीत उकळूनही जात नाही. तोंडात मिरीसारखी चुणचुण लागली तर घास तिथेच टाका.