अनुदानासाठी अर्ज करण्याआधी उद्योगाची जागा कशी ठरवावी

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या (नव्या उद्योगाला बँक कर्जाबरोबर अनुदान देणारी केंद्राची योजना) आधाराने उद्योग सुरू करू पाहणारे बहुतेक अर्जदार आधी यंत्रांची कोटेशने गोळा करतात आणि जागेचे नंतर पाहू म्हणतात. या योजनेत अनुदानाचा दर उद्योगाची हद्द आणि अर्जदाराचा प्रवर्ग यांवरून ठरतो, त्यामुळे हा क्रम उलटा ठेवणे हिताचे आहे.

२०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदारास प्रकल्प खर्चाच्या शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते, तर विशेष प्रवर्गाला हेच दर अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के आहेत. विशेष प्रवर्गात महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांग यांच्याबरोबर आकांक्षित जिल्ह्यांचाही (केंद्राने विकासात मागे राहिलेले म्हणून निवडलेले जिल्हे) समावेश असून, महाराष्ट्रात नंदुरबार, वाशिम, धाराशिव आणि गडचिरोली हे ते चार जिल्हे आहेत.

समजा, २० लाख रुपयांचा मिरची कांडप आणि मसाला प्रकल्प आहे आणि अर्जदार सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुष आहे. नाशिक शहरात त्याला ३ लाख, नाशिक जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात ५ लाख आणि नंदुरबार जिल्ह्यातील खेड्यात ७ लाख रुपये अनुदान मिळेल. शिवाय नंदुरबारमध्ये प्रकल्प खर्चातला स्वतः भरायचा हिस्साही २ लाखांवरून १ लाखावर येईल. हाच अर्ज त्याच्या पत्नीच्या नावे असेल, तर नाशिकच्या खेड्यातही ३५ टक्केच मिळतात, म्हणजे केवळ अनुदानासाठी नंदुरबार गाठण्याचे कारण उरत नाही. पती-पत्नी मिळून एकच कुटुंब धरले जात असल्याने दोघांपैकी एकालाच लाभ घेता येतो, म्हणून अर्ज कोणाच्या नावाने करायचा हेही याच टप्प्यावर ठरवावे.

त्यानंतर हद्दीची खात्री करावी. पत्त्यात गावाचे नाव आहे म्हणून जागा ग्रामीण ठरत नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अशा ठिकाणी बोलीभाषेतले गाव कायम राहिले तरी ग्रामपंचायत उरत नाही. जागेचा गट क्रमांक घेऊन ती ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते का हे विचारावे आणि तसा दाखला, ना-हरकत पत्र व नोंदणीकृत भाडेकरार हातात आल्यावरच यंत्रांसाठी आगाऊ रक्कम द्यावी.

प्रकल्प खर्चात जमिनीची किंमत धरता येत नाही, हे प्रकल्प अहवाल करून देणारे अनेकदा सांगत नाहीत. तयार शेडचे भाडे मात्र जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंतचे धरता येते, त्यामुळे नव्या उद्योजकाने भाड्याच्या शेडपासून सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आधीपासून चालू असलेला उद्योग नवा म्हणून दाखवता येत नाही, आणि राज्य किंवा केंद्राच्या दुसऱ्या योजनेतून अनुदान घेतलेला उद्योगही पात्र ठरत नाही.

जागा पाहायला जाताना अनुदानाच्या दरांचा तक्ता घरी ठेवावा. थ्री-फेज वीज दिवसातून किती तास असते, पावसाळ्यात रस्त्यावर टेम्पो येतो का, कांडपाची जाळी फाटली तर नवी कुठून आणावी लागेल आणि मिरची वाळवायला कोरडे आवार आहे का, हे शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारले तर खरे उत्तर मिळते. वीज दिवसातून सहा तास असेल, तर दोन लाखांचे जादा अनुदान वर्षभरात बुडते.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि अर्ज भरण्याच्या वेळी योजनेची चालू मुदत व दर जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावेत, कारण वरील स्वरूप २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी मंजूर झाले होते. बँक कर्ज मंजूर करते आणि अर्जदाराचे उद्योजकता प्रशिक्षणही व्हावे लागते. अनुदान अर्जदाराच्या हाती येत नाही. ते बँकेत तीन वर्षे मुदत ठेव म्हणून राहते, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि प्रत्यक्ष तपासणीनंतर ते कर्जखात्यात वळते होते. तपासणीला येणारा माणूस मंजूर पत्त्यावरच जातो. म्हणून मध्येच शेड सोडावी लागली, तर सामान हलवण्यापूर्वी बँकेला आणि अर्ज मंजूर करणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी.